नऊ वेळा सोडलेला नंबर

प्रति,
माननीय आरोग्य अधिकारी,
लसीकरण विभाग.

विषय : माझ्या नावापुढील ‘धार्मिक कारणास्तव नकार’ हा शेरा खोडण्याबाबत.
संदर्भ : लसीकरण केंद्राची नोंदवही, नऊ दिवसांच्या नोंदी.

महोदय,

“रांगेत मागच्याची नड मोठी असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, आणि बोलून दाखवायचं नाही.” ही माझ्या आईची शिकवण. प्रभूला स्मरून हा नेम मी चाळीस वर्षे पाळत आले आहे. प्रस्तुत घोटाळा त्यातूनच झाला असून तो सविनय कळवीत आहे.

१. मी शिवणकाम करते. दिवसभर सुईच हातात असते, तेव्हा सुईशी माझे वैर नाही. पहिल्या दिवशी माझा नंबर पुकारला, तेव्हा मागे रडते मूल कडेवर घेतलेली बाई होती. दुसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर होते. त्यांची बस प्रवाशांसकट बाहेर उभी होती. पाचव्या दिवशीचे गृहस्थ तर माझ्या नंबरावर दोनदा आत गेले, कारण पहिल्यांदा घाबरून परत आले होते. असे नऊ दिवस झाले. रोज एकेकाला पुढे सोडत मी शेवटाला पोहोचेतो लस संपलेली असे.

२. नोंदवहीवरच्या कारकूनभाऊंनी विचारले, “ताई, रोज येता नि रोज मागे सरकता. देवाधर्माचं काही आहे का?” मला खोटे बोलता येत नाही. मी “हो” म्हटले. पुढचे ऐकायला त्यांना सवड नव्हती आणि मोठ्याने बोलायची मला सवय नाही. त्यांनी शेरा मारला.

३. ही बातमी आमच्या चर्चमध्ये पोहोचली. गायनमंडळाचे प्रमुख सुईला फार भितात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी उपासना संपताच जाहीर केले, “नऊ वेळा नाही म्हणाल्या! याला म्हणतात विश्वास!” तेव्हापासून तीन गायक माझा दाखला देऊन लस टाळत आहेत. एका आजोबांनी तर डोक्यावर हात ठेवा म्हणून विनंती केली. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

४. हेही हसण्यावारी नेले असते. परंतु माझी लेक दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. नात अठरा दिवसांची असून काचेच्या पेटीत आहे. लसीच्या दाखल्याशिवाय तिथे सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लेक म्हणाली, “आई, सगळ्या जगाला पुढे पाठवलंस. माझ्या पोरीचा नंबर कधी?” मी तडक चर्चमध्ये गेले. पाळकसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “बाई, नड बघायची ना? मग रांगेबाहेरचीही बघा.”

तरी शेरा खोडावा, तसे गायनमंडळाच्या प्रमुखांना लेखी कळवावे, आणि मी पुन्हा कुणाला जागा देऊ लागल्यास परिचारिकेने माझे मुळीच ऐकू नये, अशी सूचना द्यावी.

आज माझा नंबर सातवा आहे. पुकारा झाला की मागे कोण उभे आहे हे न बघता आत जाईन, असा लेकीला शब्द दिला आहे. हा अर्ज शिपाईभाऊंच्या हाती देऊन मी रांगेकडे निघते.

आपली नम्र,
(सही)
शिवणवाल्या ताई

बुधवार, सकाळी सव्वाआठ