किल्लीवालीच्या कपाटाला कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या बनवणे, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिही म्हणून कोणी सांगितलेले नाही. नको म्हणणारे मात्र आहेत. माझी शुद्ध जागेवर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावे लागणार आहे. कारण माझा एकुलता एक मुलगा सर्वांना सांगत फिरतो आहे की आईची साखर डोक्यात गेली, तिला आता काही समजत नाही, दुकान विकलेले बरे. मोबाइलची कव्हरे विकणारे एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवले आहे. तेव्हा सर्वांनी ऐकावे. मी आहे तोवर दुकान मी चालवणार, आणि माझ्यामागे ते कोणी चालवायचे हेही मीच ठरवणार.

१. घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भिंतींच्या ओलीसकट, मुलाला. तो वाईट नाही. घाबरट आहे. मला काही होईल या भीतीने त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावले. आत साखर, मध आणि बिस्किटे. जिच्याकडे अर्धे शहर हरवलेल्या किल्ल्यांचे रडगाणे घेऊन येते, तिच्या कपाटाला बाजारातले सर्वांत स्वस्त कुलूप! मी ते केसातल्या आकड्याने उघडले, एक बिस्कीट खाल्ले आणि कुलूप त्याच्या ताटाशेजारी ठेवून दिले. बिस्कीट मला नको होते. पण माझ्या घरात मला चोर ठरवलेले मी खपवून घेणार नाही, एवढे त्याला कळायला हवे होते. घर त्याचे होईल तेव्हा त्याने खुशाल कुलपे लावावीत.

२. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी ते गाळू नये. मी मोजून जेवते. संध्याकाळी चालते. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई टोचते. तरीही सकाळी यंत्रावर असा आकडा येतो की रात्रभर मी पाकात झोपले होते की काय! ताप आला तरी साखर वाढते, झोप नाही झाली तरी वाढते, मुलाशी वाद झाला तर हमखास वाढते. डॉक्टरीणबाई म्हणतात, "मावशी, तुमचा दोष नाही. आजार जुना झालाय, आपण औषध बदलून बघू." घरचे म्हणतात, "काय खाल्लं होतंस?" या एका प्रश्नाने मला जेवढे रडवले तेवढे सुईने कधी रडवले नाही.

३. माझ्या नणंदेस, तिने वेळोवेळी आणून दिलेल्या पाल्यांच्या, बियांच्या आणि सालींच्या चूर्णाच्या सर्व बाटल्या. बुचेसुद्धा उघडलेली नाहीत. "याने साखर मुळापासून जाते," असे ती दर बाटलीला म्हणाली आहे. तिच्या गुडघ्यांनाही एखादी लागू पडते का, ते तिने बघावे.

४. दुकान, किल्ली कापायचे मशीन, सर्व कानशी, कोऱ्या किल्ल्या आणि गिऱ्हाइके माझ्या सुनेला. होय, सुनेलाच. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचे पटत नाही. ती दार आपटते, माझी भांडी विचारल्याशिवाय हलवते आणि उलट उत्तर द्यायला तिला श्वासही घ्यावा लागत नाही. तरी का, ते सांगते.

मागे एके दिवशी संध्याकाळी माझी तपासणी होती. एकदा तरी आकडा सरळ यावा आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून तो दाखवावा, म्हणून मी सुई घेतली आणि जेवण टाळले. दुपारी दुकानात हात थरथरू लागले, घामाने पदर भिजला, आणि मी स्टुलावरून खाली आले. साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. मी जेवले नाही हे कळल्यामुळे सून डबा घेऊन आली होती, मागोमाग मुलगा. तिने साखरेची पुडी फाडली. त्याने तिचा हात धरला.

"वेडी झालीस का? आईला साखर? मारून टाकशील तिला!"

"सोड माझा हात. घाम बघ त्यांना केवढा सुटलाय. सोड म्हणते ना!" त्याला ढकलून ती माझ्याजवळ बसली. "आई, तोंड उघडा. गिळा. भांडण नंतर करू."

माझ्या औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद घरात तिने एकटीने वाचला होता. त्यानंतर ती रोज दुपारी दुकानात येऊन बसते. साखरेने बधिर झालेल्या माझ्या बोटांना आता किल्लीची धार कळत नाही. मी ती खालच्या ओठावरून फिरवून बघते. सुनेची बोटे शाबूत आहेत. पहिली किल्ली तिने वाकडी कापली, दुसरीही. शिकेल. "तिला काय जमणार?" असे मुलगा म्हणाला, तेव्हाच माझा निर्णय पक्का झाला.

५. मी गेल्यावर जो कोणी "तिचा जिभेवर ताबा नव्हता, म्हणून गेली" असे म्हणेल, त्याला वरीलपैकी काहीही मिळू नये. नणंदेला बाटल्यासुद्धा मिळू नयेत.

सहीपूर्वी घडले ते लिहिणे भाग आहे. साक्षीला डॉक्टरीणबाई आणि शेजारचा चष्मेवाला आले. उद्या मुलाने शंका काढू नये म्हणून बाईंनी माझी साखर तपासली. मी वेळेवर जेवले होते, सुई घेतली होती, काही चुकले नव्हते. आकडा आला दोनशे शहाऐंशी.

"सही परवा करू या का, मावशी? आकडा खाली आला की कोणाला बोलायला जागा राहणार नाही."

परवापर्यंत उपाशी राहिले असते तर आकडा आला असता खाली. तो रस्ता मला पाठ आहे.

"आजच," मी म्हणाले. "काय विचारायचं ते विचारा."

त्यांनी तारीख विचारली, घरातली माणसे विचारली, कोणाला काय दिले आणि का दिले ते विचारले. मी सगळे सांगितले. चष्मेवाला म्हणाला, "बाई, हिच्याशी बोलताना गोंधळ होतो तो समोरच्याचा. लिहा तुम्ही."

म्हणून तो आकडा इथे लिहून ठेवला आहे. कोणी खोडू नये. माझी साखर जास्त आहे आणि मी पूर्ण शुद्धीवर आहे. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींच्या खाली ही माझी सही.

सही: किल्लीवाली

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. प्रश्न मी विचारले, उत्तरे बरोबर आली.
साक्षीदार दुसरा: शेजारचा चष्मेवाला. सही माझ्यासमोर झाली, हात हलला नाही.

ठिकाण: माझे दुकान, शटर पूर्ण उघडे.
दिनांक: या महिन्याची अकरा, मंगळवार, दुपारच्या जेवणानंतर.