तुझ्या नावाचा संडास

बासेन-कोक
मंगळवार, पाऊस जरा थांबलाय तेवढ्यात

ती. इमाक्यूलाताईस,

धाकट्या फानेलचा नमस्कार. आईचे आशीर्वाद (तिने ते दिलेले नाहीत, कारण मी पत्र लिहितोय हे तिला ठाऊक नाही, पण विचारलं असतं तर दिले असते). तुझे गुडघे कसे आहेत? सान्तो दोमिंगोच्या तुझ्या मालकीणबाई अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतात, की देवाने त्यांना खाली उतरण्याची बुद्धी दिली? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे वाक्य पूर्वी सवयीने लिहायचो, हल्ली लिहिण्याआधी घरातली माणसं एकदा मोजतो. आईची प्रकृती उत्तम आहे, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर मला नालायक म्हणण्याइतका दम तिच्यात आहे. तुरीला फूल आलंय. बकरीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक दिसायला थेट आपल्या मामासारखं आहे.

फोन करायचा सोडून हे कागद का काळे केलेस, असं तू म्हणशील. फोन लागण्यासाठी टेकडीवरच्या आंब्याखाली जावं लागतं, आणि तुझ्यासारखेच तिचेही गुडघे दुखत असूनही आई तिथे माझ्या आधी पोहोचते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर पडता कामा नये. म्हणून पत्र फिलोमेनबरोबर धाडतोय, ती सरहद्दीच्या बाजाराला जाते आहे, तिथून तिची भाची तुला आणून देईल. फिलोमेनला वाचता येत नाही, त्यामुळे तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मी आरोग्य कार्यकर्ता झालो हे तुला कळलंच असेल, कसा झालो ते मात्र कोणी सांगितलं नसेल. मागच्या पावसात पटकीची साथ नदीकाठच्या गावांतून एकेक वाडी घेत वर चढत आली, तेव्हा खालच्या दवाखान्याने दर वाडीतून एक माणूस मागितला: वाचता येणारा, डोंगर चढता येणारा आणि दारू न पिणारा. आपल्या वाडीत तिन्ही गोष्टी एका माणसात सापडेनात. तेव्हा दोन पुरेत असं ठरून माझी निवड झाली (कोणत्या दोन, ते आईला विचारू नकोस). मला एक निळी टोपी मिळाली, तोटी लावलेली बादली, क्लोरीनच्या बाटल्या, साखर-मिठाच्या पुड्या आणि एक कर्णा. कर्ण्याला दोन बटणं होती. एक बोलायचं, दुसरं भोंग्याचं. पहिल्याच रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी देवळाच्या पायरीवर उभा राहून दुसरं दाबलं. पाद्रीबुवा त्याच क्षणी खेचरावर बसत होते. ते खेचर त्यांना घेऊन जे निघालं ते पलीकडच्या वाडीत जाऊन थांबलं, आणि बुवांना तिथे एक प्रवचन जास्तीचं करावं लागलं. तेव्हापासून ते मला आशीर्वाद देतात पण लांबून देतात.

मग प्रात्यक्षिक. दवाखान्यातल्या नर्सबाई मिस रोझलोर यांनी मला चारदा शिकवलं होतं की एका बादलीला एक झाकण औषध. मी चाळीस माणसांसमोर ते झाकण पेल्यात ओतलं आणि एका दमात प्यायलो. पुढची पंधरा मिनिटं मला काही दिसलं नाही, त्यामुळे कोण कोण हसलं ते सांगता येत नाही. पण सगळ्यात मोठा आवाज मेरिल्यूसचा होता. आपल्या अल्तीदचा नवरा मेरिल्यूस, ढोलवाला. तो माझ्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "फानेल, किडे मेले की नाही ठाऊक नाही, पण तू मेलास तर बादली मला दे हं."

हसण्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण लोकांच्या डोक्यात पटकीची भीती होती, आणि भीतीला बोट दाखवायला कोणीतरी माणूस लागतो. कुजबुज सुरू झाली की रोग आहे तोवर फानेलची टोपी आहे, मग रोग कोण टिकवतंय ते तुम्हीच बघा. पांढऱ्या बाटल्यांतून मी झऱ्यात काहीतरी सोडतो म्हणे. एका सकाळी मी झऱ्यावर गेलो तर सहाजण कोयते घेऊन बसलेले. सगळे आपल्या नात्यातले. ताई, मी त्या दिवशी तुला आठवलो की नाही माहीत नाही, मला मात्र तू फार आठवलीस. मेरिल्यूस मागून आला, त्याने माझ्या हातातली बाटली घेतली, आपल्या तुंब्यात दोन थेंब टाकले, प्यायला, आणि झऱ्याच्या कडेला ठाण मांडून बसला. म्हणाला, "या फानेलनं विष घातलं असतं ना, तर चुकीच्या मापानं घातलं असतं आणि आपण सगळे ठणठणीत राहिलो असतो." कोयतेवाले हसले. हसला माणूस की त्याचा हात सैल पडतो. दुसऱ्या दिवशी अल्तीदने स्वतः येऊन बादली नेली, आणि तिच्या मागून बाकीच्या बायका आल्या. ईस्टरपर्यंत चाळीस घरांपैकी एकतीस घरं झाकणाने मोजून पाणी पीत होती. मी टोपी तिरकी घालायला लागलो होतो.

आता तुझ्या संडासाबद्दल. तू सान्तो दोमिंगोहून सिमेंट पाठवून बांधून घेतलेला तो संडास म्हणजे आपल्या डोंगरावरची एकमेव अशी इमारत, जिला पत्रे आहेत, कडी आहे, आणि दारावर लाल रंगात 'इमाक्यूलाची कृपा' असं लिहिलेलं आहे. मी वाडीला टोळ्याटोळ्यांनी तो दाखवायला आणायचो. असा बांधा, असा झाका, असा धुवा. आई किल्ली कमरेला लावून उभी असायची आणि आत डोकावण्याआधी प्रत्येकाला पाय धुवायला लावायची. (पलीकडच्या वाडीचा सरपंच लग्नाच्या कपड्यांत आला होता.) तो इतका आदर्श ठरला की वापरायची हिंमत फक्त आईने केली.

इथून पुढचं वाचताना खाली बस.

सप्टेंबरात वरच्या उतारावर मक्याच्या खणणीला सगळे सावडीला, आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात तसे, गेले होते. मेरिल्यूस कडेला ढोल वाजवत होता, त्याच्या तालावर बावीस कुदळी चालल्या होत्या. औषध घातलेली बादली दुपारीच संपली. दुसरी भरून अर्धा तास थांबायला हवं होतं, मी ते सांगितलंही. पण ढोल थांबला की कुदळी थांबतात. त्याने झऱ्यातून तुंबा भरून घेतला आणि सरळ प्यायला. माझ्याकडे बघून तुंबा वर केला, हसला. मीही हसलो. एक तुंबा, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अल्तीद मला बोलवायला आली. त्यांच्या घराचं दार काढून त्याच्यावर आम्ही त्याला बांधला आणि चौघे निघालो. वाटभर मी चमच्याने साखर-मिठाचं पाणी देत होतो. पहिल्या उतारावर तो बोलत होता, म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी उचलून नेतंय, सावकाश चाला, मजा येऊ दे. दुसऱ्या उतारावर बोलणं थांबलं. नदीला पूर होता. काठावर आम्ही चार तास बसलो. पलीकडे दवाखान्याचा पत्रा दिसत होता, अगदी समोर, पावसात चमकत होता. मी चमचा भरत राहिलो आणि पाणी त्याच्या ओठांच्या कडेने गळत राहिलं. पूर ओसरल्यावर छातीएवढ्या पाण्यातून दार डोक्यावर घेऊन पलीकडे गेलो. पलीकडच्या काठावर ते टेकवलं तेव्हा तो गेलेला होता.

पुढचं काम टोपीवाल्याचं. पटकीने गेलेल्याला घरच्यांनी हात लावायचा नाही, औषध फवारायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, त्याच दिवशी पुरायचं. रात्रीचं जागरण नाही, कॉफी नाही, सोंगट्या नाहीत, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मयतीत ढोल बडवला त्याच्यासाठी एक थाप नाही. अल्तीद पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. म्हणाली, "मला त्याला आंघोळ तरी घालू दे, फानेल." मी नाही म्हणालो. ताई, तिला मी नाही म्हणालो.

नंतरच्या आठवड्यात मिस रोझलोर वर आल्या. झऱ्यात घाण कुठून येते ते शोधायचं होतं. त्यांच्याकडे हिरव्या रंगाची एक बाटली होती; वरच्या अंगाच्या एकेका संडासात रंग ओतायचा आणि झऱ्याशी बसून बघायचं. मी म्हटलं, सुरुवात आमच्यापासून करा, म्हणजे लोक बिचकणार नाहीत. (मला वाटलं होतं, आपला निर्दोष सुटलेला बघून बाकीचे तयार होतील.) आईने किल्ली दिली. मी काचेची बाटली घेऊन पहाटे झऱ्यावर जाऊन बसलो. उजाडलं तेव्हा पाणी पोपटाच्या पिसासारखं हिरवं होतं. मिस म्हणाल्या, या डोंगराचा दगड वरून पक्का दिसतो पण आतून चाळणी आहे. खड्डा तुम्ही नीट बांधलात, जागा चुकली. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, घरात कोणाचं पोट बिघडलं होतं का. मी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. घरी येऊन आईला विचारलं. सावडीच्या आदल्या आठवड्यात तिला दोन दिवस जुलाब झाले होते. तिने मला सांगितलं नाही. म्हणाली, "आरोग्यवाल्याच्या घरात असं होतं का कुठं? लोक काय म्हणाले असते तुला?" मेरिल्यूस कशाने गेला हे तिला अजून जोडता आलेलं नाही, आणि मी असेपर्यंत येणार नाही.

तेव्हा पत्र लिहिण्यास कारण की, तो संडास पाडून खड्डा चुन्याने बुजवायला तुझी परवानगी हवी. सिमेंट तुझं, नाव तुझं, जमिनीत वाटा तुझा. नवा आपण खालच्या अंगाला बांधू, देवाची इच्छा असली तर. गुडघ्यांना एरंडेल चोळत जा. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी कधी माझं नाव ऐकलेलं नसलं तरी.

तुझा,
फानेल

ता. क. परवानगीबद्दल जे वर लिहिलं ते रीत म्हणून. संडास शनिवारीच पाडला. सकाळचं 'नालायक' सोडलं तर आई माझ्याशी बोलत नाही. दार तेवढं तिने घरात आणून भिंतीला टेकवून ठेवलंय आणि 'इमाक्यूला' या शब्दावरची धूळ रोज पुसते.

आणखी एक ता. क. मी अल्तीदला सांगितलं. मेरिल्यूससाठीची नवव्या दिवसाची शेवटची प्रार्थना झाली, लोक पांगले, तेव्हा. रंगाचं, झऱ्याचं, संडासाचं, सगळं. तिने फक्त विचारलं, "तुमच्यात कोणाला झालं होतं?" मी म्हणालो, मला. ती म्हणाली, "आणि त्याला मात्र तू आंघोळ घालू दिली नाहीस." सकाळी माझ्या दारात तिची बादली होती, स्वच्छ घासून पालथी घातलेली. तुला कोणी विचारलं, तर पोट माझं बिघडलं होतं.

शेवटचा ता. क., आणि खरं काम हेच आहे, बाकीचं सोडून दिलंस तरी चालेल. अल्तीद आता झऱ्यावर येत नाही. ती आणि तिची तिन्ही मुलं ओढ्याचं पाणी पितात, तसंच, कारण माझ्या हातचं काही तिला नको. मी समोर गेलो की ती मुलांना आत घेते. तू आणि ती एकत्र शाळेत जायचात, एका वर्षी एकाच कापडाचे झगे घातलेत, तुझं ती ऐकेल. तिला एक पत्र लिही. तिची शाळा लवकर सुटली, तिला वाचता येत नाही, मास्तर वाचून दाखवेल. माझ्यासाठी माफी मागू नकोस. मेरिल्यूसबद्दल जे लिहायचं ते लिही, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येईल. आणि त्याच्याखाली हे, अगदी असंच, मास्तरला वाचताना चुकता येणार नाही अशा मोठ्या अक्षरात: बाटली फिलोमेन आणून देईल, बाजारातून घेतलेली आहे. एका बादलीला एक झाकण. पाणी गढूळ असलं तर दोन. मग अर्धा तास थांबायचं, मुलं कितीही रडली तरी.

माझं नाव कुठेही घालू नकोस.