मागून येणारा आवाज

बाई, मी महाडला आले आहे. तुमच्या गल्लीत अजून गेले नाही, बाजारपेठेतल्या लॉजवर उतरले आहे, कारण शूटिंगची गाडी इथूनच दासगावच्या धक्क्यावर जाते. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, काम काय करतेस? सांगते. पहिल्यांदाच सिनेमात उभ्या राहणाऱ्या मुलामुलींची कॅमेऱ्यासमोरची भीती घालवते. असल्या कामाचे पैसे मिळतात हे ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावून हसल्या असतात. आणि हसायचा तुम्हाला हक्कच आहे, कारण हे काम मी तुमच्याच स्वयंपाकघरातून उचललं. शनिवारी दुपारी शाळेच्या नाटकातल्या आम्हा मुलींना खाली बसवून भिजवलेल्या वालांचं पातेलं मध्ये ठेवायचात आणि म्हणायचात, सोला आणि बोला. संवादात उगाच भाव आणला की वाल सालासकट ताटलीत पडायचा आणि तुम्ही तो उचलून त्या मुलीच्या नाकासमोर धरायचात. मला तेव्हा वाटायचं, बाईंना रात्री बिरडं करायचंय म्हणून आम्हाला राबवतायत. आता मुंबईत मीच मुलांपुढे मटारच्या शेंगा ओतते आणि ‘प्रेझेंट राहा’ असं इंग्रजीत सांगते, म्हणजे फी घेताना जरा बरं वाटतं.

पण इथे मटार चालले नाहीत. ही मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, कॉलेजात नुकतीच गेलेली. आई शेती बघते, भाऊ मुंबईला. नुसती ऐकत बसली तरी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललेलं असतं, म्हणून दिग्दर्शकाने तिला निवडली. सिनेमात तिचा बाप होडीवर जातो आणि एके दिवशी होडी परत येते ती त्याच्याशिवाय. धक्क्यावर ती होडीवाल्याला विचारते, बाबा कुठे आहेत? चार-पाच वाक्यांचा प्रसंग, पण सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे. तो भरतीलाच घ्यावा लागतो, कारण ओहोटी लागली की धक्क्याखाली चिखल उघडा पडतो आणि होडी त्यात रुतते. दोन दिवस भरती आमच्या डोळ्यांदेखत आली आणि गेली. काल सकाळी दिग्दर्शकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आज झालं नाही तर उद्या दुसरी मुलगी उभी करतो. माझा नाइलाज आहे.’ ती दुसरी मुंबईहून येऊन माझ्याच लॉजवर राहिली होती. जिन्यात भेटली, गोड हसली. तिचा काय दोष? पण मला तिचं ते हसणं सहन होईना.

आमच्या मुलीला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. ती धक्क्यावर पोचली तेव्हा कपडे सांभाळणाऱ्या ताई सिनेमातल्या तिच्या ब्लाउजचा जादा जोड त्या दुसरीच्या मापाला आत घेत होत्या. तिने पाहिलं आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. मला त्या ताईंच्या हातातून सुई हिसकावून घ्यावीशी वाटली.

तिचं होत काय होतं, तर कॅमेरा सुरू झाला की बोलण्याआधी ती मान किंचित डावीकडे कलती करायची आणि थांबायची. होडीवाल्याचं काम करणारा नट मुरलेला, तो तिला सांभाळून घ्यायला बघायचा, पण प्रत्येक वाक्याआधी ते थांबणं यायचंच. सगळे म्हणाले, घाबरते. मीही तेच धरून चालले. तिला श्वास मोजायला लावला, तळव्यांखालचा दगड गरम की गार ते विचारलं, नदीपलीकडची झाडं न्याहाळायला सांगितली. पोरगी सगळं इमानदारीने करायची आणि कॅमेरा लागला की पुन्हा मान डावीकडे. शेवटी काल चहाच्या वेळी मी वैतागून विचारलं, ‘अगं, तू ऐकतेस काय तिकडे?’

ती म्हणाली, ‘आमच्याकडं जत्रंच्या नाटकात मामा मागनं सांगतो ना. त्याचा आवाज आला की मंग बोलायचं. हितं कोन नाय.’

‘पण तुला सगळं पाठ आहे ना?’

‘पाठ हाय. पन आवाजाबिगर तोंड उघडत नाय, म्याडम.’

म्हणजे भीती नव्हतीच. वाडीतल्या नाटकात लहानपणापासून कामं केलेली ती पोर. वाडीतली मुंबईकर मंडळी जत्रेच्या आदल्या दिवशी गावाला येतात, तालमीला वेळ कुणाला असतो? अख्खं नाटक पडद्यामागच्या माणसावर चालतं. तो कुजबुजतो, नट बोलतो. तिला तेच काम करणं वाटत होतं. आणि मी, ज्या मुलीला नववीच्या गॅदरिंगमध्ये डाव्या विंगेतून प्रॉम्प्टिंग करायला तुम्ही उभ्या होतात, ती मी दोन दिवस तिला श्वास मोजायला लावत बसले.

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. माझी नाटकातली आई खाटेवर मरायला टेकली आहे, मी उशाशी बसले आहे, तुम्ही बॅटरी धरून विंगेत. प्रत्येक ओळ तुमच्याकडून येते आणि मी ती पुढे देते. आणि मध्येच तुम्ही गप्प होता. मी वाट बघते. पहिल्या रांगेत हेडसर खोकतात. मागून कुणी शिट्टी मारतं. तुमच्याकडे बघायची सोय नाही, म्हणून मी आईकडे बघते, तर तिच्या ओठावर माशी बसली आहे आणि निपचित पडून राहायचं असल्यामुळे तिला ती हाकलता येत नाही. मी माशी हाकलते आणि मला रडू फुटतं. खरं रडू. सगळा हॉल चिडीचूप झाला होता, बाई. नंतर मी तुमच्यावर तणतणत आले, मला ओळ का नाही सांगितलीत म्हणून. तुम्ही पडद्याची दोरी सोडत होतात, वर न बघता म्हणालात, ‘समोर तुझी आई मरत होती आणि तू माझ्याकडे कान लावून बसली होतीस.’ महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. पण पुढे प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगते. मुलं डोळे मोठे करून ऐकतात.

तर काल मला नेमकं काय करायचं ते ठाऊक होतं. मागचा आवाज द्यायचा आणि ऐन वेळी काढून घ्यायचा. माझी हिंमत झाली नाही. तुमच्या गॅदरिंगमध्ये फार तर माझी फजिती झाली असती. इथे तो ब्लाउज आत घेऊन तयार होता, आणि पोर कोलमडली असती तर ते मी केलं असतं. मी दिग्दर्शकाला सांगून कॅमेऱ्याच्या खाली उकिडवी बसले आणि मामा झाले. ओळ कुजबुजले, ती बोलली. पुढची कुजबुजले, ती बोलली. मान सरळ, थांबणं गायब. दिग्दर्शक म्हणाला, ‘चालेल. तुमचा आवाज डबिंगमध्ये काढून टाकू.’ पण कॅमेरामन तोंड वाकडं करून बसला होता, आणि मलाही दिसत होतं. ती होडीवाल्याशी बोलतच नव्हती. माझं ऐकून त्याच्या अंगावर टाकत होती. पाणी एक पायरी खाली गेलं होतं. दिग्दर्शकाने घड्याळाकडे न बघता पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘एक शेवटचा.’

होडी लागली. शेवाळलेल्या पायरीवर त्या नटाचा पाय सटकला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. कुणी कट म्हटलं नाही. तो धडपडत वर आला, पाणी निथळतंय, धाप लागली आहे. आता मी म्हणायचं होतं, ‘बाबा कुठे आहेत?’ आणि माझ्याकडून काही आलं नाही. तिची मान डावीकडे कलू लागली. मग ती मान अर्ध्यावर थांबली, तिने त्याच्या भिजलेल्या धोतराकडे बघितलं, आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, ‘काका, तुमी येवढं भिजलात कसं?’

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या मुरलेल्या नटाने मान खाली घातली. तिने ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर ते कळणं उतरत गेलं आणि ती मटकन पायरीवर बसली. मग दिग्दर्शक कट म्हणाला.

नंतर तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘ऐन वेळी गप्प बसलात! काय काळीज आहे तुमचं!’ मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘म्याडम, तुमी मुद्दाम गप बसलात ना? माज्यावर सोडलंत ना?’

मी म्हटलं, ‘हो. मुद्दाम.’

बाई, मला ओळच आठवली नाही. कागद हातात होता, बोट त्या ओळीवर होतं. पण तो माणूस पाण्यातून वर आला आणि मी सगळं विसरून त्या पोरीचं पुढे काय होणार एवढंच बघत राहिले. रात्रभर मनात एकच येतंय, त्या दिवशी विंगेत तुमचंही असंच झालं होतं का? विचारायला तुम्ही नाही, आणि खरं सांगायचं तर असतात तरी मी विचारलं नसतं. कुणीतरी माझ्यावर भरवसा ठेवून गप्प राहिलं, एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर उभी राहिले आहे. तिलाही ती असू दे. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहून टाकते: तिने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा मुद्दामच म्हणणार आहे.