रडायला आसगावला

३० सप्टेंबर, मंगळवार

सुमनला माती दिली त्याला आज तिसरा दिवस. कबरीपाशी मीच बोललो. पाळकसाहेब तरुण आहेत, म्हणाले, "सर, आज तरी राहू द्या, मी करतो." ऐकलं नाही. चांगला अर्धा तास बोललो. आवाज एकदाही कापरा झाला नाही. मोहाडीहून, पवनीहून आलेली माणसं जाताना म्हणाली, सर म्हणजे सर.

लेक रेखा नागपूरला परत गेली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "बाबा, तुम्ही आईच्या मातीलाही सभाच घेतली."

रिक्षा गेल्यावर मी दार लावून घेतलं.

घरात कोणी रडलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या बायका आल्या, तोंडाला पदर लावून बसल्या, प्रार्थना झाली, उठून गेल्या. तीस वर्षं गावोगावच्या सभांतून मीच शिकवलं. आपण आशा असलेली माणसं, आपल्यात हेल काढून रडणं नाही. त्यांनी शिकवलेलं पाळलं. घर इतकं गप्प, की गल्लीच्या टोकाला पितळी भांड्यांवर पडणारे ठोके एकेक ऐकू येत होते.

१ ऑक्टोबर

टेबलाच्या खणात सु.ने इस्त्री करून ठेवलेले रुमाल. सभेला जाताना एक खिशात, एक पिशवीत. बोलताना मला घाम फार. वापरवत नाहीत. खण लावून टाकला.

पुस्तकांचं कपाट उघडून बसलो. शोकावर काय काय वाचलंय मी! रशियन, जर्मन, आपले संत. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. एका पानावर एक बाप मेलेल्या मुलीविषयी लिहितोय आणि समासात माझ्या हातचं, ठसठशीत: "उत्तम!"

पुस्तक मिटलं.

मंडळीतल्या विमलबाई डबा ठेवून गेल्या. रोज आणतात. "जेवून घ्या, सर," एवढं एकच वाक्य. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आशीष मोटरसायकलच्या अपघातात गेला. एकोणीस वर्षांचा. माती देताना त्या कबरीच्या ढिगाऱ्यावर पडून ओरडायला लागल्या. मी खांदा धरून उठवलं. "पुरे, विमलबाई. आशा नसलेल्यांसारखं रडू नका." नळ बंद करावा तशा थांबल्या. पुढं कित्येक सभांत मी तो दाखला दिला. नाव न घेता. त्या माउलीचा विश्वास बघा!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठीबाई आली. सु.ची थोरली बहीण सोनाबाई, आसगावची. तिची मुलं अजून तलावात जाळं टाकतात. लग्नात सु. ख्रिस्ती झाली तेव्हा माहेर तुटलं, ही एकटी टिकून राहिली. दोन आठवडे तापात होती, घरच्यांनी कालपर्यंत सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळची प्रार्थना चालू होती. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज आला.

"कुठी गेलीस वो सुमन! मले न सांगता काहून गेलीस वो! तुह्यासाठी झिंगे वाळवून ठेवले होते वो माय!"

बायका डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठलो. हातसुद्धा वर केला, थांबवायला, सवयीनं. तेवढ्यात ती उंबऱ्यावर बसली आणि कपाळ चौकटीला टेकून म्हणाली,

"तुह्या विमलले आता पाळीवर कोण आणन वो! तिचं रडणं कोण आयकन वो!"

विमलबाई चहाचे कप फिरवत होत्या. ट्रे खाली ठेवला. मागच्या दारानं गेल्या.

माझा हात तसाच वर राहिला होता. पाळकसाहेबांनी तो धरून खाली घेतला.

४ ऑक्टोबर

सकाळी मागच्या ओट्यावर मोठीबाई दात घासत बसली होती. काल विमलबाईंचं काय म्हणाली, ते विचारलं.

"जवाई, तुमाले खरंच ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"दरसाली आणे तिले. पोराच्या दिवशी. तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसवे. पयल्या वर्षी विमलनं तोंडात पदर कोंबला. सुमन मने, इथं आपल्या मंडळीचं कोणी नाही, रड. मंग रडली. बगळे उडून गेले, जवाई."

"सुमन काय करायची?"

"काय करन? संगं रडे. मंग दोघी तुमची प्रार्थना म्हणत. मंग घरी येऊन झिंग्याचं कालवण अन् भात. दाबून जेवे विमल."

दर वर्षी नोव्हेंबरात सु. मला सांगायची, मोठीबाईकडे जाते, नवा तांदूळ आणते. तांदूळ खरंच यायचा. मी खाल्ला. चांगला आहे म्हणालोसुद्धा.

"मला का नाही सांगितलं तिनं? घाबरत होती?"

"सुमन? अन् तुमाले?" मोठीबाईनं चूळ भरली. "मने, त्यायचं बोलणं सुरू झालं का भात थंडा होते."

मग पदरानं ओठ टिपून, "जवाई, एक पुसू? मोठ्यानं रडलं का तुमच्या देवाले तरास होते का? तुमी तर त्याच्यासंगं भोंगा लावून बोलता."

हसू आलं. ते मध्येच कुठंतरी वळलं आणि मी रडायला लागलो. नीट रडताही येत नव्हतं, खोकल्यासारखं निघत होतं. मोठीबाई पाठीवर हात ठेवून बसली. इतका वेळ काही न बोलता माझ्याजवळ बसलेलं माणूस मला आठवत नाही. सु. सोडून.

७ ऑक्टोबर

पवित्र शास्त्र काढलं. माझं लाडकं वाक्य, ज्याच्या जोरावर मी अख्ख्या जिल्ह्याच्या बायकांची तोंडं बंद केली. शांतपणे, मागचं पुढचं धरून वाचलं. रडू नका असं प्रेषितानं कुठंही म्हटलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखं रडू नका, म्हणतो. म्हणजे रडणार हे त्यानं धरलंच आहे. आशा असलेल्यांसारखं रडायचं कसं, हे शिकवायचं काम माझं होतं. मी शेवटच्या दोन शब्दांवर टाळ्या घेत राहिलो.

आणि प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला. पुढच्या घटकेला आपण त्याला हाक मारणार, तो जिवंत होऊन बाहेर येणार, हे ठाऊक असून रडला. त्याचा खांदा धरायला मी तिथं नव्हतो, हे बरं झालं.

मोठीबाई गेली. तिला गाडीत बसवून आलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

तिसऱ्या बाकावर विमलबाई नाहीत. मोठीबाई आली त्या शुक्रवारपासून डबाही नाही. शेजारणीला विचारलं. म्हणाली, "घरीच असते. मशीन चालू राहते तिची." ब्लाउज शिवतात.

इतकी वर्षं जपलेली जागा चारचौघांत उघडी पडली. सु. असती तर त्याच संध्याकाळी गेली असती. मला जायला हवं. काय बोलायचं ते कागदावर लिहायला बसलो. तीन पानं झाली. फाडली.

१९ ऑक्टोबर

चर्चमधून परस्पर विमलबाईंकडे. उद्या दिवाळी, लोकांचे कपडे द्यायचे, म्हणून रविवारीही मशीन चालू. "बसा, सर." मशीन थांबलं नाही.

"विमलबाई, माझं चुकलं."

"कधी?"

"आशीषच्या मातीला. आणि नंतर. मी तुमचा दाखला देत फिरलो."

"मले माहीत हाय. मोहाडीच्या माह्या नणदेनं सांगतलं होतं. मने, वहिनी, सरनं सभेत तुही लय तारीफ केली." पाय थांबला. दोरा तोडला. "तवा वाटलं होतं, एखाद्या सभेत मीच उभी राहीन अन् सांगीन. सर, मी विश्वासानं गप नव्हती. तुमच्या भेवानं गप होती."

भाषणांत मी पुष्कळ वार केले आहेत. असा एकही नाही.

मग विचारलं, आशीषचा दिवस बारा नोव्हेंबर. यंदा?

"यंदा नाही जात. सुमनताई होती म्हणून जाणं होये. पवनीले गाडी बदला, एकटीनं... नाही जात."

"मी येतो बरोबर. पाळीवर लांब बसेन. तुमच्याकडे पाठ करून. बोलणार नाही."

पहिल्यांदा वर बघितलं त्यांनी. "तुमी? बोलणार नाही?"

त्यात हसू होतं की काय, कळलं नाही.

"पाहू," म्हणाल्या. मशीन सुरू.

२६ ऑक्टोबर

कबरस्तानात गेलो. ढिगारा अजून बसतोच आहे. तण उपटलं.

एक नोंद, स्वतःसाठी, कारण हल्ली रडलो की लोकांना वाटतं सरांचा विश्वास डळमळला. सुमन उठेल. हे मी कालच्यापेक्षा आज कमी मानत नाही. प्रभूची कबर रिकामी झाली ही बातमी आहे, बातमी सांगताना माझा आवाज चढणार आणि चढावाच. पण इतकी वर्षं मी पुनरुत्थान वादात जिंकायचा मुद्दा म्हणून मांडलं. आज इथं उकिडवं बसून पहिल्यांदा विचार केला, की उठल्यावर ती काय म्हणेल. मला माहीत आहे. म्हणेल, "जेवलात का?"

तण हातात तसंच राहिलं. रडलो. मोठ्यानं. राखणदार लांबून बघत होता, जवळ आला नाही. घरी येताना हलकं वाटत होतं. हलकं म्हणजे बरं नव्हे. ओझं कोणीतरी दुसऱ्या बाजूनं धरल्यासारखं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सु.चा चाळिसावा. स्मरणाची उपासना. पाळकसाहेब आधी विचारून गेले, "सर, बोलाल? की..." त्या "की"बद्दल त्यांचे आभार. बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. मंडळीला सांगितलं, की तीस वर्षं मी तुम्हाला अर्धंच वाक्य शिकवलं, उरलेलं आज घ्या. वाचून दाखवलं. मग सु.चं नाव घेतलं आणि आवाज गेला. उभाच राहिलो. मला वाटलं होतं असं झालं तर मी मरेन. काही झालं नाही.

मागच्या बाकावरची एक म्हातारी रडायला लागली, सूर लावून. नवरा जाऊन तिला किती वर्षं झाली असतील. कोणी थांबवलं नाही. मग आणखी दोघी. पाळकसाहेबांनी वाट बघितली, आणि मग त्या रडण्यावरच गीत उचललं. दोन्ही एकदम चाललं. आमच्या चर्चमध्ये हे मी पहिल्यांदा ऐकलं. बेसूर नव्हतं.

विमलबाई आल्या होत्या. तिसऱ्या बाकावर. त्या रडल्या नाहीत. गायल्याही नाहीत. संपताच निघून गेल्या.

रेखा जाताना गळ्यात पडली. "बाबा, आज सभा नव्हती."

९ नोव्हेंबर, रविवार

मोठीबाईचा फोन. "जवाई, धान कापून राहिले आमी. बाराले येऊन राहिले ना? विमल?"

"काही म्हणाल्या नाहीत."

"झिंगे काढून ठेवतो. आली त आली." मग, "तुमी त याच. तुमालेही पाळ हाय."

११ नोव्हेंबर

विमलबाईंच्या दारावरून गेलो. मुद्दाम. खिडकीतून मशीनचा आवाज. हाक मारू की नको करत उभा होतो, तर आतूनच आवाज आला.

"आठ वीसची गाडी लवकर भरते, सर."

एवढंच. येते म्हणाल्या नाहीत. येत नाही असंही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एसटीत बसून लिहितोय. पवनी गाडी. आठला पाच कमी असताना आलो. खरंच भरते लवकर. मोठीबाईला द्यायला फरसाण घेतलंय.

निघताना खण उघडला. सु.च्या घडीचे दोन रुमाल घेतले. एक खिशात आहे. दुसरा शेजारच्या सीटवर टाकलाय.

आठ तेरा. एक बाई आल्या, रुमाल बघून पुढं गेल्या.

आठ अठरा. ड्रायव्हर चढला. कंडक्टर पाठीमागून, "काका, ही सीट खाली हाय का?"

"नाही. येणार आहेत."

"कुठी हायेत? गाडी सुटून राहिली ना."

"येणार आहेत," म्हटलं. आवाज मोठा झाला असावा. पुढची चार माणसं वळून बघतायत. बघू देत. रुमालावर हात ठेवून मी दाराकडे बघतोय.