मामाच्या गावचं गाणं

सुवा,
मंगळवार, १४ ऑगस्ट

प्रिय आपेनिसादादा,

तुला, वहिनीला आणि पोरांना नमस्कार. आईला माझ्यातर्फे एक मुका. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बोटीने पाठवलेला दालो पोचला. दोन कंद कुजले होते, बाकीचे शेजाऱ्यांबरोबर खाल्ले. वहिनीने विणलेली चटई ऑफिसात अंथरली आहे. तिच्यावर कुणी बूट घालून आलं की मी त्याचं गाणं ऐकूनच घेत नाही.

तुला एक बातमी द्यायची राहूनच गेली. मे महिन्यात मी संगीत प्रकाशक म्हणून इथल्या रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेची सभासद झाले. रेडिओ, हॉटेलं, जत्रा, जिथे गाणी वाजतात तिथून ते वसुली करतात आणि रचणाऱ्यांना-प्रकाशकांना वाटतात. तिथल्या सालोतेबाई भल्या आहेत. प्रकाशक व्हायचं तर पदरी गाणी हवीत, म्हणाल्या. माझ्याकडे गल्लीतल्या पोरांची चार गाणी. मग मी बाबांचीही सगळी दिली.

"ही कुणी रचली?" बाईंनी विचारलं.

"इलाइतिया. माझे वडील."

"मग हक्क तुमच्या घराकडे?"

"आणखी कुणाकडे असणार?" मी म्हटलं. काय मिजाशीत म्हटलं, दादा.

तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या सगळ्यांत मामांच्या गावाचं, नासाराचं गाणंही गेलं. आजोबा वारले तेव्हा मामांच्या गावाने व्हेलचा दात पुढे ठेवून बाबांकडून मागून नेलेलं. दात घेतला त्या घटकेला ते त्यांचं झालं, रचणाऱ्याचं त्यावर काही राहत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण टेबलापलीकडून कुणी पेन पुढे करून विचारलं की माणसाच्या तोंडून भलतंच निघतं.

गेल्या शनिवारी नासाराची मंडळी इथल्या महोत्सवात गायला आली होती. छापील कार्यक्रमात त्यांच्या गाण्याखाली माझ्या कंपनीचं नाव. नावितालाईमामांनी ते वाचलं, गिटार खाली ठेवली आणि सगळे मंचावर मांडी घालून गप्प बसून राहिले. समोर एवढी माणसं, आणि कुणी सूर लावेना. मग उठले आणि निघून गेले. मी मागच्या रांगेत होते.

रविवारी प्रार्थना आटोपून मामा माझ्याकडे आले. मी यांगोनाची मुळी पाण्यात घोळून वाटी पुढे केली. शांतपणे प्यायले.

"भाची आहेस," म्हणाले, "भाच्यांनी मामाच्या गावातून हवं ते उचलावं. डुक्कर ने, होडी ने, अंगातला सदरा ने, मी उघडा हिंडेन. पण पोरी, उचलताना आम्हाला दिसू तरी द्यायचंस."

"मामा, चुकलं माझं. परत देते."

"असं नुसतं कसं घेऊ? रीतीने मागू. येत्या शनिवारी दात घेऊन आपेनिसाकडे येतो, तुझे बाबा गेल्यापासून घरचा कर्ता तो. तू गाणं तेवढं तयार ठेव."

काल सकाळीच सालोतेबाईंकडे धावले. एकच गाणं काढता येत नाही म्हणे. सभासद होताना होतं ते आणि पुढे होईल ते, सगळं संस्थेच्या हवाली केलंय मी. मग मीच बाहेर पडते, म्हटलं. "पडा की," त्या म्हणाल्या, "पण मुदत सरेपर्यंत गाणी इथेच राहतील. वर्ष-दोन वर्षं जातील."

बहिणीने भावाशी असलं तोंडाने बोलू नये ही आपली रीत. तिच्या आडोशाला बसून लिहिते आहे, नाहीतर फोन होताच. तू दात घेतलास तर मागितलेलं द्यावं लागेल, आणि ते आपल्या हातात नाही. नाही घेतलास तर आईचं माहेर तुटलं. कुठूनही निघाले तरी फिरून तिथेच येते.

एक वाट आहे. बाईंनीच दाराशी हळूच सांगितली. रचणाऱ्याचं नाव मी चुकीचं दिलं होतं असं लिहून दिलं, तर आपला हक्क मुळातच खोटा ठरतो आणि गाणं लगेच सुटतं. मग तिथे काय लिहिणार, मी विचारलं. "रचणारा अज्ञात," त्या म्हणाल्या.

हे गाणं जुळवताना बाबा खडकावर बसून राहायचे आणि आई जेवण घेऊन किनाऱ्यावर ताटकळायची. ती अजून सांगते ना? बाबांच्या सगळ्या गाण्यांत लोकांच्या तोंडी राहिलेलं हे एकच.

पत्र उद्याच्या बोटीने पाठवते. शनिवारी दात दोन्ही हातांनी घे, दादा. परवा सकाळी मी जाऊन लिहून देणार आहे की हे गाणं इलाइतियाने रचलेलं नाही, कुणी रचलं ते मला ठाऊक नाही. आईला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू सांग. ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस.

खाली सही करावी लागेल. माझ्या सहीत बाबांचंच नाव येतं, ते कसं गाळायचं मला सुचत नाही.

तुझी बहीण,
सेरेइमा इलाइतिया