टोपलीतले मोजे

३ मार्च, सोमवार

माझा हिरवा मोजा गेला! अंगठ्याशी मी लाल दोऱ्याने रफू केलेला. दोरीवर दोन वाळत घातले होते, एक उरला. धाकट्याला विचारलं तर म्हणतो, "एका मोज्यासाठी एवढी उलटतपासणी?" याला काय कळणार! लिफ्ट दुरुस्तीच्या नावाखाली हा दिवसभर अंधाऱ्या पोकळीत दोराला लोंबकळतो. मोजा शोधला नसता तर मी त्या दोराचाच विचार करत बसले असते.

थोरलीचा फोन नाही.

४ मार्च, मंगळवार

आजही नाही. आणि माझं चुकलं काय? पोर जहाजावर स्वयंपाकाला गेली, मी फक्त कॅप्टनला फोन करून स्वेटरचं विचारलं. तर त्या शहाण्याने भोंग्यावरून पुकारलं — "स्वयंपाकघरातल्या ताईंनी स्वेटर घालावा, घरून निरोप आहे!" अख्ख्या जहाजाने ऐकलं. तिचा निरोप आला: "तुझी काळजी संपली की कळव. मग बोलू." संपली की! काळजी म्हणजे काय गॅसची टाकी आहे?

५ मार्च, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. दोरीवरचं काही पडलं तर त्यांच्याच अंगणात पडतं. इतकी वर्षं एका इमारतीत राहून त्यांच्याशी कधी धड बोलले नव्हते. म्हटलं, "मोजा पडलाय का?"  त्या म्हणाल्या, "मोजे होय? उद्या चर्चच्या हॉलवर ये. तिथे पुष्कळ असतात."

वय झालं बिचारीचं.

६ मार्च, गुरुवार

कारखान्यातून थेट हॉलवर गेले. डोकं आधीच उठलं होतं. धुराचे अलार्म तपासायचं माझं काम, बटण दाबायचं, किंचाळला की पास. दिवसभर धोक्याची घंटा ऐकायची आणि घरी येऊन पोरांची काळजी करायची.

हॉलमध्ये बायका गोल बसलेल्या, मधे टोपली, टोपलीत मोजे. सगळे एकेकटे! मी दारातूनच ओरडले, "माझा हिरवा मोजा द्या!" कुणी दचकलंसुद्धा नाही. कोपऱ्यावरची बेकरीवाली म्हणाली, "या, बसा. मुलं किती?"

"दोन."

"मग दोन आणा. प्रत्येकाचा एक."

इतके निर्ढावलेले चोर मी पाहिले नव्हते!

हळूहळू उलगडा झाला. या बाया आपापल्या लेकराचा एक मोजा टोपलीत टाकतात आणि दुसरीच्या लेकराचा उचलून घरी नेतात. ज्याचा मोजा नेला, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. आपल्या लेकराच्या काळजीत मात्र पडायचं नाही, ते आता दुसरीच्या हवाली. फोटो का नाही, विचारलं. "फोटो असला की आपण तोंड बघत बसतो," बेकरीवाली म्हणाली. "मोजा बघितला की पाय आठवतो. आणि पाय कुठे जाईल हे कुठल्या आईच्या हातात असतं?"

शुद्ध वेडेपणा. तरी घरी गेले, थोरलीचा पिवळ्या पट्ट्यांचा आणि धाकट्याचा काळा आणून टोपलीत टाकला. का, ते माझं मला ठाऊक नाही.

माझ्या वाट्याला तपकिरी, लोकरीचा. केवढा मोठा! माहिती एवढीच मिळाली: "मऊ मनाचं आहे. थंडी सोसत नाही. शाळेत सगळे छळतात." वाढत्या अंगाचं असेल पोरगं.

आजींनी टोपलीत मोजा टाकला, पण उचलला नाही. "माझ्याकडे आहे एक," म्हणाल्या आणि पिशवी मिटून घेतली. लबाड! आपली काळजी दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळ्या.

७ मार्च, शुक्रवार

मला प्रार्थना येत नाही. मोजा टेबलावर ठेवला आणि म्हटलं — हे बघ, जो कुणी ऐकत असशील, हे मूल माझं नाही. तरी जरा लक्ष ठेव. शाळेत त्याला एखादा मित्र दे. त्याला गणिताच्या मास्तरांची भीती वाटत असणार, ती घालव. (हे माझ्या मनाचं. सगळ्यांनाच वाटते.)

मग माझ्या दोघा पोरांसाठी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. नियम म्हणजे नियम.

८ मार्च, शनिवार

धाकटा कपाटापाशी उभा. "माझा काळा मोजा एकटाच का?" खरं ते सांगितलं. म्हणाला, "आई, तू धर्म बदललास की धोबी?"

९ मार्च, रविवार

उपासनेला गेले. भक्तिभावाने वगैरे नाही, आपले मोजे कुणाकडे गेलेत ते बघायला. कुणी दाद लागू दिली नाही.

पाळक अगदी तरुण. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकाच्या मागे गेला म्हणे. बाहेर पडताना त्यांना गाठलंच — "ती नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?" म्हणाले, "प्रश्न रास्त आहे. पण या गोष्टीत तुम्ही स्वतःला कुठे बघता?" कुठे म्हणजे? मेंढपाळाच्या जागी! दोन मेंढरं आहेत मला, एक समुद्रात, एक दोराला लटकलेलं. ते नुसते हसले. असं हसायला यांना शिकवतात की काय!

११ मार्च, मंगळवार

आज हद्द झाली. पाव आणायला गेले तर बेकरीवाली भट्टीतून गरम ट्रे ओढत होती, आणि हातात माझ्या थोरलीचा पिवळ्या पट्ट्यांचा मोजा! पिठाने माखलेला, एका बाजूने करपलेला. मी तिथेच कडाडले. माझ्या पोरीसाठी प्रार्थना करायची सोडून तिच्या मोज्याने भांडी धरतेस?

ती शांतपणे म्हणाली, "घरी ठेवला तर मी विसरते हो. हातात असला की आठवतं. प्रत्येक ट्रे काढताना तिचं नाव घेते."

"दिवसाला किती ट्रे निघतात?"

"कोण मोजतंय!"

 त्या गरम भट्टीपाशी माझी पोर रोज कुणाच्या तरी तोंडी होती. पाव न घेताच घरी आले. मग पुन्हा जाऊन आणला.

१३ मार्च, गुरुवार

हॉलच्या दारात एक गृहस्थ. टक्कल, झुपकेदार मिशा, निवृत्तीला टेकलेले. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात निळा! आजींचा चेहरा फुलला. "आलं गं माझं बाळ!"

बाळ मुख्याध्यापक आहे. शाळेत सगळे छळतात ते खरंच आहे, शिपायापासून सुरुवात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या बाप्यासाठी मी देवाकडे मधल्या सुट्टीतला मित्र मागत होते! तसं सांगूनही टाकलं, गणिताच्या मास्तरांसकट. गृहस्थ चपापले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, सोमवारी मी गणिताच्या मास्तरांना पहिल्यांदा 'नाही' म्हणालो. कसं जमलं, माझं मलाच कळेना."

मोजा बदलून देऊ का, बेकरीवालीने विचारलं. म्हटलं, राहू दे. आता मला त्याची सवय झालीय.

१८ मार्च, मंगळवार

सुपरवायझरने कान तपासायला पाठवलं. म्हणाला, "अलार्म किंचाळला की तुम्ही दरवेळी दचकायच्या. चार दिवस झाले, दचकत नाही. ऐकू येतंय ना?" डॉक्टरने दोन्ही कान शाबूत ठरवले. सुपरवायझर म्हणाला, मग झालंय काय? म्हटलं, मोजे. 

२३ मार्च, रविवार

उपासनेत रडले. रुमाल नव्हता, तपकिरी मोज्याने डोळे पुसले. (धुवायला हवा.)

इतकी वर्षं वाटायचं, मी काळजीचा दोर सैल सोडला की पोरं कोसळणार. आज कळलं, मी धरलेल्या दोराच्या टोकाला कुणीच नव्हतं. पोरं आधीपासून प्रभूच्या हातात आहेत. मला फार बरं वाटलं. हलकं वाटलं. उद्या धाकट्याला यायला उशीर झाला की मी पुन्हा खिडकीत उभी राहणार, मला चांगलं माहीत आहे. पण खिडकीत उभी राहून आता कुणाशी तरी बोलेन.

२९ मार्च, शनिवार

थोरलीचा फोन! धाकट्याने कळवलं होतं — आईने कितीतरी दिवसांत तुझं नावच काढलं नाही. घाबरून केला तिने.

मी स्वेटरचा विषय काढला नाही. जेवणाचाही नाही. जीभ दाताखाली धरून विचारलं, "समुद्र कसा दिसतो गं?"

ती आणखीच घाबरली. मग — "आई, तुला बरं आहे ना? धाकट्याला दे बघू." दिला. आई जेवते का, झोपते का, डॉक्टरला दाखवलं का, सगळं विचारून घेतलं. पुन्हा मला म्हणाली, "जप गं स्वतःला. आणि स्वेटर घालत जा!"

ताबडतोब घातला. बटणं लागेनात, इतकं हसू येत होतं. रडूही.

२ एप्रिल, बुधवार

हिरवा मोजा सापडला.

आजींना ताप आहे. मुख्याध्यापक शाळेत, म्हणून मी सोबतीला बसले होते. उशी सारखी करताना खाली हाताला लागला. अंगठ्याशी लाल रफू. धुऊन, घडी घालून ठेवलेला.

"दोरीवरून पडला होता," आजी म्हणाल्या. "तू सारखी माझ्या डोक्यावर येरझारा घालायचीस. म्हटलं, ही लेकरांना धरून बसलीय, हिला कुणी धरलंय का? तुझी आई आहे?"

"नाही. केव्हाच गेली."

"वाटलंच. म्हणून ठेवून घेतला."

म्हणजे मी ओरडत हॉलमध्ये शिरले, त्याच्याही आधीपासून इथे माझ्यासाठी कुणी मागत होतं.

मोजा परत मागितला नाही. होता तिथे नीट सारून ठेवला.