जेवलात का, असं विचारणारं मशीन

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत आहोत, पण तुझं पत्र ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

मी सांगते आणि तुझी काकू लिहिते. मधे मधे ती माझे शब्द धुऊन वाळत घालते, तेवढं समजून घे. तर मला कळलं ते असं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तुमच्या त्या घड्याळजींनी विकायला काढलेला, त्यांच्या वारलेल्या बायकोचा जुना कॉम्प्युटर तू हौसेनं घेतलास. आत तिनंच केलेला प्रोग्राम निघाला. बाई कॉम्प्युटर शिकवायची. आजारी पडल्यावर आपल्यामागे नवऱ्याचं कसं होणार म्हणून तिनं हा करून ठेवला. मशीन लावलं की विचारतं, अहो, जेवलात का? काय खाल्लंत? नवऱ्यानं दिलेली उत्तरं आत साठून राहायची. आणि तुम्ही मित्र बसलात हत्ती खाल्ला, सायकल खाल्ली असं लिहीत. जागा बेताची, नवं उत्तर आलं की जुनं पुसलं जातं, हे तुला मागाहून उमगलं. म्हाताऱ्याचं एकही उत्तर उरलं नाही. शाबास रे वाघा.

सांगू की गप्प बसू, असं विचारतोस. गप्पच बसायचं असतं तर मला कशाला लिहिलं असतंस? जा आणि सांग. मित्रांची वरात नेऊ नकोस. हातात फळांची पिशवीही नको. पिशवी असली की माणूस तिच्याशीच चाळा करत बसतो, समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही.

लोभ आहेच, जाऊन आलास की थोडा वाढवीन.
तुझी आजी

ता. १५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

रिकाम्या हातांनी गेलो. घड्याळजी खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून काम करत होते. मी सगळं सांगितलं, हत्तीसुद्धा. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, पुसलं ते बरंच झालं, सगळं खोटं होतं. बायको गेल्यावर त्यांना अन्न जात नव्हतं. तरी रोज जेवलो, जेवलो असंच टाइप करायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून. एक दिवस पडद्यावर आलं, रोज तेच उत्तर देताय, म्हणजे थापा मारताय. तिनं तेही आधीच लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी मशीन बंद केलं आणि विकायला काढलं. परत आणून देतो म्हटलं तर नको म्हणाले. तिला तोंड कसं दाखवू, असं विचारत होते. मनगट काडीसारखं झालंय त्यांचं.

काकूंना नमस्कार. मी सुटलो असं काही वाटत नाही गं.
तुझा ठोंब्या

ता. २३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

सुटला नाहीसच. त्यांनी माफ केलं ते स्वतःला कोपऱ्यात बसवून. तुझे हत्ती आणि सायकली पुसून टाक, मशीन उचल आणि त्यांच्या टेबलावर ठेवून ये. नको म्हणाले तरी ठेव. उपाशी माणसाच्या नकाराला किती भाव द्यायचा ते मला विचार, तुझ्या आजोबांना मी जन्मभर वाढलंय. आणि तिच्याशी एकदा खरं बोला म्हणावं. बायकोला खरं सांगायचं नवऱ्यांच्या जिवावर येतं. ही शेवटची ओळ काकू लिहायला तयार नव्हती.

पुढचं कळव. तोवर लोभ राखून ठेवते.
आजी

ता. ४ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मशीन लावून दिलं. प्रश्न आला. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, नाही.

हे उत्तर मशीनला आजवर कुणीच दिलं नव्हतं; त्यांनी नाही, आम्हीही नाही. त्यासाठीही तिनं लिहून ठेवलं होतं. पडद्यावर आलं, मग आधी उठा, माझ्याशी बोलणं नंतर.

ते उठले, आणि आत जाऊन त्यांनी शेगडी पेटवली. मी भांडी घासून घेतली. किती दिवसांची होती कोण जाणे.

त्यांची जुनी उत्तरं खोटी असतील, पण तिच्यासाठी होती, आणि ती मी घालवली. हे काही मनातून जात नाही. तुझा लोभ असू दे.
तुझा ठोंब्या